बायकोच्या पायाचा फोड आणि आमची आळी

वारीच्या वाटेवर अनोळखी माणसाचे पाय चेपले की आपण त्याला सेवा म्हणतो. घरात म्हाताऱ्या आईचे चेपले की लोक पुंडलिक म्हणतात. आणि बायकोचा पाय मांडीवर घेतला की? आमच्या साताऱ्यातल्या आळीत तरी ताटाखालचं मांजर. गेल्या आषाढात हे बिरुद मला मिळालं. बिरुदाचं काही नाही, पण त्यामागचा विचार मला अजिबात पटलेला नाही, म्हणून लिहितोय.

हिच्या भजनी मंडळाने माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते फलटण चालायचं ठरवलं. नीरास्नान आटोपून पालखी आपल्या जिल्ह्यात येते, लोणंदचा मुक्काम, मग चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण, तरडगाव आणि पुढे फलटण. हा शेवटचा टप्पाच वीसेक किलोमीटरचा. हिची चालायची सवय म्हणजे नवरात्रात अजिंक्यताऱ्यावर मंगळाईला जाऊन येणं, तेवढीच. त्यात लेकीने पुण्याहून नवेकोरे बूट धाडलेले, आत नायलॉनचे मोजे आणि वरून पावसाची भुरभुर. रिंगण बघून बाई धन्य झाल्या. फलटणहून घरी आल्या त्या टाचेवर तोल सांभाळत. उजव्या चवड्याखाली पाणी धरून टम्म झालेला मोठा फोड, करंगळीला एक छोटा.

फोड दिसला की सुई शोधायला धावायचं, ही आपल्याकडची खोड. वारीत तर सुईत दोरा ओवून तो फोडातून आरपार काढायचा आणि दोरा तसाच आत ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपत राहतं, असं जाणती माणसंही सांगतात. पाणी झिरपतं हे खरं. पण त्याच दोऱ्यावरून रस्त्यावरचा चिखल आणि जंतू आत जायला वाट मिळते, त्याचं काय?

फोड का येतो हे एकदा कळलं की उपाय आपोआप कळतो. चालताना आतलं हाड पुढे सरकतं, वरची कातडी मोज्याला आणि बुटाला धरून मागे राहते. या ओढाताणीत कातडीचे थर मधेच फाटून एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत पाणी भरतं. कातडी ओली असली की घर्षण वाढतं, म्हणून आषाढातली वाट जास्त छळते. वरचं सालपट शाबूत असतं तोवर आत जंतू शिरत नाहीत. त्याच्याइतकी चपखल पट्टी कुठल्याच मेडिकलमध्ये मिळत नाही. तिच्याखाली नवी कातडी धरते, पाणी हळूहळू जिरतं. छोट्या फोडाला म्हणूनच काही करायचं नाही. धुवायचा, झाकायचा, विसरायचा. करंगळीचा फोड असाच गेला.

चवड्याचा विषय वेगळा होता. तो इतका ताणलेला होता की पाऊल टेकवत नव्हतं. असा फोड फुटणार तर आपल्या हाताने, स्वच्छ फुटावा, हे बरं. पाय साबणाने धुतला, माझे हातही. मेडिकलमधून सीलबंद सुई आणली होती, फोडावर स्पिरिट फिरवलं, आणि मधोमध नाही तर कडेला, दोन ठिकाणी टोचलं. गॉजने हलकेच दाबून पाणी काढलं. सालपट जिथल्या तिथे ठेवलं. वर व्हॅसलीन, मग जखमेला न चिकटणारं गॉज, वरून टेप. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं पाणी भरलं, तेव्हा पुन्हा तसंच. पट्टी रोज बदलायची आणि ओली झाली तर लगेच.

या सगळ्यात अवघड काय होतं सांगू? ही पाय द्यायलाच तयार नव्हती. "अहो, पाय नका धरू, मला कसंतरीच होतं." लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या तापात रात्रभर कपाळावर घड्या ठेवल्यात हिने, माझी मूळव्याधीची पथ्यं सांभाळलीत, तेव्हा मला कसंतरी झालं का विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. वारीत हीच बाई भेटेल त्या वारकऱ्याच्या पाया पडत होती आणि तेही हिच्या पाया पडत होते. तिथे लहान-मोठं, बाई-पुरुष काही बघत नाहीत. लोणंदच्या तळावर कुणा पोराने हिचे पाय तेल लावून चेपून दिले, ते हिने कौतुकाने सांगितलं. मग उंबऱ्याच्या आत आल्यावर काय बदललं?

शेजारच्या काकू फाटकातूनच हसल्या. एका मित्राने ग्रुपवर पादुकापूजनाचा विनोद टाकला. माझी आई मात्र सोप्यात बसून सगळं बघत होती. तिला वाईट वाटत असेल असं मला वाटलं, तर म्हणते कशी, "तुझ्या वडलांना माझ्या पायाला बोटं किती ते ठाऊक नव्हतं." एवढं बोलून पुन्हा माळ ओढायला लागली.

आईचं आठवलं म्हणून मधेच सांगतो, आणि हे गांभीर्याने घ्या. आईला शुगर आहे, तिचे तळवे मी रोज बघतो. शुगरमध्ये पायाची संवेदना कमी होऊ शकते, मग फोड येऊनही माणूस त्याच पायावर दिवसभर चालतो. रक्तपुरवठा कमी असेल तर जखम भरतही नाही, आणि गोष्ट पाय कापण्यापर्यंत जाऊ शकते. म्हणून शुगर असलेल्याच्या पायावरचा फोड घरी टोचायचा नाही, थेट डॉक्टरकडे जायचं. हिची शुगर नॉर्मल आहे, म्हणूनच मी सुई हातात घेतली. तरीसुद्धा पू दिसला, लाली पसरायला लागली, ठणका वाढला, ताप आला किंवा पायावर तांबडी रेघ वर चढताना दिसली, तर घरगुती कारभार तिथेच संपतो.

आळीने सुचवलेले उपाय: चुना, टूथपेस्ट, डेटॉल नुसतंच ओतणं, आणि अर्थातच हळद. पहिल्या तिन्हींनी नवी कातडी भाजते. हळदीवर माझा राग नाही, पण उघड्या जखमेत भरली की कण आत बसतात आणि पिवळ्या रंगाखाली लाली वाढतेय की नाही ते दिसत नाही.

औषधपाणी पाच मिनिटांचं असतं. खरा प्रश्न उरलेल्या दिवसाचा. चवडा बरा व्हायचा तर त्यावर भार नको, आणि आपल्या घरातली बाई म्हणजे सकाळपासून गॅसपुढे उभी. मी पट्टी बांधून पेपर वाचत बसलो असतो आणि ही भाकरी थापायला उभी राहिली असती, तर पट्टीचा उपयोग शून्य. त्यामुळे ओटा माझ्याकडे आला. पिठलं-भात, वरण-भात, परत पिठलं-भात. ही खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती आणि पिठल्याच्या गुठळ्यांवर आईने काहीही न बोलता ताट बाजूला सारलं होतं. पण सालपट वाळून आपोआप सुटलं तेव्हा खाली नवी कातडी तयार होती. "पाय धरतो" म्हणणं सोपं, ओटा धरणं जड जातं, आणि आळीतले विनोदवीर नेमके त्याबद्दल गप्प असतात.

आता पुढच्या वर्षी हिला फलटणहून बरडपर्यंत जायचंय. जाऊ दे. बूट रुळलेले हवेत, मोजे कोरडे आणि बदलायला जास्तीचे. आणि पेपर टेप, जी आपण सलाईनच्या सुईवर बघतो ती. २०१६ साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वाळवंटं आणि डोंगरांतून सुमारे २५० किलोमीटर पळणाऱ्या १२८ धावपटूंवर त्यांनी ही साधी टेप तपासली. जिथे टेप लावली होती तिथे फोडांचं प्रमाण ४० टक्क्यांनी घटलं. ती निघण्याआधी, धुतलेल्या आणि कोरड्या पायाला लावायची, सुरकुती न पडू देता. ओल्या पायाला चिकटत नाही.

मंडळातल्या बायकांनी माझ्याकडे टेपचे रोल मागितलेत. देतो, पण चवड्याखाली स्वतःची स्वतःला नीट लावता येत नाही, दुसऱ्याने लावावी लागते. तेव्हा त्यांच्या नवऱ्यांनी रविवारी सकाळी आमच्या कट्ट्यावर यावं. शिकवायला मी आहे, चहाही मीच करणार आहे. पादुकापूजनवाल्या मित्राने आधी यावं.