कापलेला टाय

जर्मनीतल्या कोलोन शहराच्या कार्निवलात एक गुरुवार बायकांचा असतो. त्या दिवशी त्या कात्री घेऊन हिंडतात आणि दिसेल त्या पुरुषाचा टाय कापतात. पहिल्या वर्षी हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. ऑफिसात पाऊल टाकलं आणि रिसेप्शनवरच्या बाईंनी गाठीखाली चार बोटं सोडून टाय कचकन कापला. बाबांनी मुलाखतीसाठी दादरहून आणलेला होता तो! सगळे हसले, मी ओठ ताणून उभा. दुपारी बोर्डावर माझ्या तुकड्याशेजारी डायरेक्टरसाहेबांचाही तुकडा टाचलेला दिसला, तेव्हा कुठे खरं हसू आलं.

२०२५ च्या मार्चमध्ये एका विनोदवीराने उपमुख्यमंत्र्यांवर विडंबनगीत म्हटलं, म्हणून त्यांच्या शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी ते जिथे चित्रित झालं तो खारचा स्टुडिओ फोडला. दुसऱ्या दिवशी महापालिकेची माणसंही हातोडे घेऊन पोचली. आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी लिहिलं, "विनोद करावा, पण मर्यादेत."

मर्यादा असते हो मामा, टायलाही आहे. इथल्याच एसेन शहरात त्या गुरुवारी दुकानात आलेल्या एका ग्राहकाचा टाय न विचारता कापला गेला. तो कोर्टात गेला आणि १९८८ मध्ये कोर्टाने त्याला भरपाई मिळवून दिली. सण असला तरी टाय त्याचा होता. ज्याला लागलं त्याने दाद मागावी, एवढंच माझं म्हणणं. दुकान कोणी फोडलं नाही.

आणि हे शहाणपण आपल्याला जर्मनांकडून कशाला शिकायला हवं? तमाशातला सोंगाड्या पाटलाच्या तोंडावर पाटलाची टर उडवायचा, आणि पाटील पुढच्याच रांगेत बसलेला असायचा. १९६० मध्ये 'मार्मिक' हे व्यंगचित्र साप्ताहिक निघालं, तेव्हा त्याचं प्रकाशन खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी केलं. सहा वर्षांनी शिवसेना काढली ती त्याच 'मार्मिक'च्या व्यंगचित्रकाराने. त्या पक्षाचं नाव लावणाऱ्यांना एक गाणं सोसवू नये, हे मला फार लागतं.

तसं इथेही सगळं गोड नाही. नेत्यांच्या अपमानाला इथल्या दंडसंहितेत वेगळं, जास्त कडक कलम आहे. २०२१ मध्ये हॅम्बुर्गच्या एका मंत्र्याला ट्विटरवर कुणीतरी एका शब्दाची शिवी हासडली, तर सक्काळी पोलीस झडतीला दारात. ती झडती बेकायदा होती, असं पुढे कोर्टानेच म्हटलं. पण शेजाऱ्यांनी बघायचं ते बघून घेतलं होतं.

टायचा उरलेला तुकडा मी व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवला. वाटलं, चिडतील. त्यांनी चष्मा पुसला, नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "साहेबाचा केवढ्याचा होता रे?"