भूमिपूजन झाल्यावर त्या कामाचं पुढं काय होतं, हे सभेत कोणी विचारणार आहे की नाही?

मित्रांनो पोस्ट जरा मोठी झालीय, पण आपल्याच गावाचा विषय आहे म्हणून पूर्ण वाचा ही विनंती.

परवा नगरपालिकेची सर्वसाधारण सभा झाली, मी मागच्या खुर्च्यांवर जाऊन बसलो होतो. विषयपत्रिकेवर काँक्रिट रस्ते, पेव्हर ब्लॉक, ओपन स्पेसला कंपाउंड, दोन ठिकाणी ओपन जिम, एक सभामंडप, चौकात हायमास्टचा उंच दिवा, स्मशानभूमीत शेड असं बरंच काही होतं. ही कामं गावाला हवी आहेत, माझा विरोध नाही हे आधीच सांगतो. विषय वाचला, सूचक कोण, अनुमोदक कोण, मंजूर, पुढचा विषय घ्या. विरोधकांचा जो काही आवाज चढला तो आमच्या वार्डाला कमी निधी का यासाठी. पण एवढ्या सगळ्या विषयांत एकानंही असं विचारलं नाही की हे काम उभं राहिल्यावर सांभाळणार कोण आणि कोणत्या पैशातून. सत्ताधाऱ्यांनी नाही, विरोधकांनी पण नाही.

चार वर्षं प्रशासक होता, तेव्हा आपण सगळे म्हणायचो की लोकांनी निवडलेली बॉडी पाहिजे, ऐकणारं कोणी नाही. २ डिसेंबर २०२५ ला मतदान केलं, निकालासाठी २१ तारखेपर्यंत थांबलो, नगराध्यक्ष थेट आपल्या मतांनी निवडून दिला. आता बॉडी आलीय, नवीन पोरं आहेत, शिकलेल्या ताया आहेत, म्हणूनच हे आत्ता लिहितोय, कारण पहिल्या सहा महिन्यांत जी सवय लागते तीच पुढं पाच वर्षं चालते.

माझं म्हणणं एकच आहे. कुठल्याही नवीन कामाचा ठराव मंजूर करताना त्याच ठरावात त्याची देखभाल लिहा. ठेकेदाराची जबाबदारी किती वर्षं, त्यानंतर नगरपालिकेचा कोणता विभाग बघणार, अंदाजपत्रकात त्याला कोणत्या हेडखाली पैसे ठेवणार. हे लिहिता येत नसेल तर तो विषय पुढच्या सभेत घ्या. नवीन काम दोन महिने उशिरा झालं तर गावाचं काही बिघडत नाही, पण झालेलं काम दोन वर्षांत मातीत गेलं तर बिघडतं.

मी हे हवेत बोलत नाहीये. माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे, शेतकऱ्यांच्या मोटारी येतात तशा गावाच्या पाण्याच्या मोटारी कशा जळतात हेही मला जवळून माहितीय. आपल्याकडे नळ आले नाहीत की पहिलं उत्तर येतं, मोटार जळाली. जशी काही ती आकाशातून वीज पडून जळाली. अरे भाऊ मोटार उगाच जळत नाही. थ्री फेजमधला एक फेज गेला आणि पॅनलमधला प्रिव्हेंटर, म्हणजे फेज गेल्यावर मोटार वाचवणारं यंत्र, चालू असला तर तो मोटार बंद करतो, पण तो सारखा ट्रिप होतो म्हणून कोणीतरी तो बायपास करून ठेवतो, मग उरलेल्या दोन फेजवर मोटार लोड ओढत राहते आणि वायंडिंग भाजून निघतं. उन्हाळ्यात नदीचं पाणी खाली गेलं की जॅकवेलमध्ये, म्हणजे नदीतून पाणी उपसायच्या विहिरीत, गाळ आणि हवा येते, पंप कोरडा फिरतो, त्याला ड्राय रनचं संरक्षण लावलेलं नसतं. व्होल्टेज कमी असताना चालवायचा नाही हे ऑपरेटरला कळतं, पण खाली टाक्या रिकाम्या, फोनवर फोन, तो तरी काय करेल, तो चालू करतो. आणि स्टँडबाय पंप? तो कागदावर असतो. प्रत्यक्षात त्याचं स्टार्टर काढून दुसरीकडे लावलेलं असतं, बेअरिंग काढलेलं असतं, तो शेडमध्ये पडून असतो.

मग मोटार क्रेनने काढा, गाडीत टाका, दुकानात आणा, जळालेली तार काढा, नवीन तांब्याची तार भरा, वार्निश, सुकवणं, परत बसवणं. कितीही घाई केली तरी दोन-तीन दिवस जातात आणि तेवढे दिवस अर्ध्या गावाचं आवर्तन पुढं सरकतं. ज्यांच्याकडे आधीच चार-पाच दिवसाआड पाणी त्यांच्याकडे ते आठवड्यावर जातं. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना गल्लीतल्या बाया एकमेकींना दारातून विचारत राहतात, नय उनात का वं, म्हणजे नळ आले का गं? आणि हे सगळं टळलं असतं कशाने, तर एक चांगलं पॅनल, चालू प्रिव्हेंटर, ड्राय रन रिले आणि दर महिन्याला एकदा मेगर (वायंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून बघणं एवढ्याने. त्याचा खर्च एका वेळच्या वायंडिंग, क्रेन आणि टँकरच्या खर्चाच्या पासंगालाही पुरत नाही. शिवाय घाईघाईत वारंवार भरलेली मोटार जास्त करंट खाते, म्हणजे पाणीपुरवठ्याचं वीजबिल, जे नगरपालिकेच्या मोठ्या खर्चांपैकी एक आहे, ते पण वाढतं. ओपन जिमच्या ठरावाला लागला तेवढा वेळ जरी कोणी या पॅनलला दिला असता ना तर गावाचा उन्हाळा सोपा झाला असता, हे मी मनापासून सांगून राहिलो.

आता हे असं का होतं, तर त्यात फक्त नगरसेवकांचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. पैसे कसे येतात ते बघा. पूर्वी नगरपालिकांना जकात, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर, होती, १९९९ मध्ये ती बंद झाली, त्याऐवजी शासनाचं सहायक अनुदान आलं, ते बहुतेक पगारात जातं. स्वतःचं उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि गाळ्यांचं भाडं. बाकी सगळा निधी वरून येतो आणि तो येताना कशासाठी वापरायचा ते ठरवूनच येतो. जिल्हा नियोजन, नगरोत्थान आणि वैशिष्ट्यपूर्ण या शासनाच्या योजना, आमदार निधी, यातून मुख्यतः नवीन काम होतं. १५व्या वित्त आयोगाचं २०२१ ते २०२६ चं गणित आपल्यासारख्या छोट्या शहरांसाठी असं होतं की ६० टक्के बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता-घनकचरा यालाच, आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे वापरायला मोकळे, पण त्यातून पगार करता येत नव्हते. म्हणजे रस्ता करायला पैसा मिळतो, त्याच रस्त्याचा खड्डा बुजवायला बहुतेक वेळा स्वनिधी लागतो आणि स्वनिधी तर वीजबिलात संपलेला असतो.

आणि भूमिपूजनाला सगळे येतात, फोटो निघतो, बॅनर लागतो. व्हॉल्व बदलला म्हणून कोणाचा बॅनर लागलेला मी अजून बघितला नाही. लागायला पाहिजे खरं तर. ज्या नगरसेवकाने आपल्या वार्डातली गळती बंद करून घेतली त्याचा सत्कार मी स्वतः करायला तयार आहे.

आता आपलं पण बोलू. चतुर्थ वार्षिक आकारणीच्या, म्हणजे दर चार वर्षांनी घरपट्टी नव्याने ठरवायच्या, नोटिसा निघाल्या की आपण सगळे मोर्चा घेऊन जातो, घरावर दुसरा मजला चढवतो पण नोंद जुन्या पत्र्याच्या खोलीचीच ठेवतो, थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते तरी वाट बघतो की कधीतरी माफीची योजना येईल. दोन-दोन नळ कनेक्शन, एकाचीच पावती. मग स्वनिधी येणार कुठून? कर वाढवा असं मी म्हणत नाही, गरिबाच्या खोलीवर तर अजिबात नाही, पण जो आहे तो भरायला काय हरकत आहे, आणि भरला की मग सभेत उभं राहून हिशोब विचारायला आपला आवाजही खणखणीत निघतो.

मोठं काम घेतलं आणि पुढचा विचार केला नाही की काय होतं ते आपल्या जिल्ह्याने बघितलंय. जळगावला नगरपालिका होती तेव्हा हुडको या केंद्र सरकारच्या घरबांधणी कर्ज देणाऱ्या कंपनीकडून कर्जं काढली, घरकुलं, व्यापारी संकुलं उभी राहिली. २००३ मध्ये महापालिका झाली आणि ते कर्ज तिच्या डोक्यावर आलं, वसुलीच्या कारवाईत महापालिकेची खाती गोठवायची पण वेळ आली होती. त्या घरकुलांच्या प्रकरणात कोर्टात काय झालं ते सगळ्यांना माहितीय, ते मी इथं उगाळत नाही. पण जळगावचे लोक इतकी वर्षं रस्त्यांसाठी जे बोंबलत होते त्याचं एक मोठं कारण ते हप्ते होते. जो पैसा डागडुजीला जायचा तो हप्त्याला गेला.

आणि उलट उदाहरण पण आपल्याच खानदेशातलं आहे. धुळे-साक्रीकडे पांझरेवर फड पद्धत होती, शेकडो वर्षं चालली. नदीवर छोटे बंधारे, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात एकच पीक. पण खरी गोष्ट बंधारा नाही, खरी गोष्ट ही की पाणी द्यायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, आणि त्यांचा मोबदला शेतकरी मिळून द्यायचे. पाट साफ करायचं काम पण सगळ्यांनी मिळून. कोणी सरकारची वाट बघितली नाही. प्रसिद्ध इंजिनिअर विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये नोकरीला लागले ते सुरुवातीला आपल्याच भागात होते, पांझरेकाठी दातर्तीला त्यांनी सायफनचं, म्हणजे प्रवाहापलीकडे पाणी नेणाऱ्या पाइपचं, काम केलं, त्यांनी पण ही पद्धत जवळून बघितली. म्हणजे बांधतानाच सांभाळणारा माणूस नेमायचा आणि त्याचं धान्य ठरवायचं हे आपल्या खापरपणज्यांना कळत होतं. आज आपण करोडोचा जलकुंभ बांधतो आणि व्हॉल्वमनचा पगार कोणत्या हेडमधून द्यायचा यावर सहा महिने फाईल फिरते.

रस्त्यांचं तर बोलायलाच नको. आमच्या कॉलनीत आधी काँक्रिट केलं, वर्ष व्हायच्या आत पाइपलाइनसाठी तेच मधोमध फोडलं, नंतर वरून माती टाकून बुजवलं. आणि जुन्या गावात प्रत्येक वेळी जुना रस्ता न खोदता वरूनच थर चढवतात, आता घरांचे ओटे रस्त्याच्या खाली गेलेत, पाऊस आला की गटारीचं पाणी सरळ ओसरीत. एक आजी दरवर्षी जूनमध्ये दारापुढं विटांचा बांध घालते. रस्ता मंजूर करताना त्याची पातळी काय आणि खालची पाइपलाइन टाकून झाली का, हे दोन प्रश्न विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही.

हे प्रश्न विचारणार कोण, तर आपण. शेजारच्या खेड्यातले माझे गिऱ्हाईक सांगतात, त्यांच्याकडे वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात, साधा मजूर पण उठून सरपंचाला विचारतो. शहरात आल्यावर तो हक्क जणू गावीच राहतो. राज्यघटनेत ७४व्या दुरुस्तीने वार्ड समिती आणली, पण ती ३ लाख आणि त्यापेक्षा जास्त लोकसंख्येच्या शहरांना सक्तीची, आपल्यासारख्या छोट्या नगरपालिका त्यात बसतच नाहीत. पण सर्वसाधारण सभा लोकांसाठी खुली असते हे कितीजणांना माहितीय? बोलता येत नाही, मान्य, पण बसता येतं, ऐकता येतं. त्या दिवशी बाहेरचे आम्ही मोजून पाच-सहा जण होतो. सभागृहात पन्नास लोक शांत बसलेले असते तर एवढे विषय इतक्या झपाट्याने मंजूर झाले नसते, हे मी खात्रीने सांगतो. विषयपत्रिका आधी निघते, इतिवृत्त लिहिलं जातं, ठरावाची नक्कल अर्ज करून मागता येते, आणि माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ मध्ये तर कार्यालयानं बरीचशी माहिती आपणहून जाहीर करायची आहे, आपण मागायच्या आधीच.

नगरसेवकांना पण हात जोडून सांगतो, तुम्ही आमचेच आहात, रोज दुकानावरून जाता. तुम्ही देखभालीचा प्रश्न विचारला तर सीओ (मुख्याधिकारी) साहेबांना पण बरं वाटेल, कारण शेवटी लोकांच्या शिव्या त्यांना आणि कर्मचाऱ्यांनाच खाव्या लागतात.

आता बजेटची सभा येतेय. आम्ही काही जणांनी मिळून नगराध्यक्षांच्या नावाने एक अर्ज लिहिलाय. त्यात तीनच मागण्या आहेत. पाणीपुरवठ्याच्या पंपांच्या देखभालीसाठी वेगळं हेड ठेवा आणि ते पैसे दुसरीकडे वळवू नका, मागच्या पाच वर्षांत झालेल्या रस्त्यांची यादी ठेकेदाराच्या जबाबदारीच्या तारखेसकट नोटीस बोर्डावर लावा, आणि यापुढे प्रत्येक कामाच्या ठरावात देखभालीचा रकाना टाका. अर्ज दुकानावर ठेवलाय, सकाळी नऊ ते रात्री आठ कधीही या, वाचा, पटला तर सही करा, नाही पटला तर तोंडावर सांगा. येताना आपल्या गल्लीतले बंद दिवे, गळणारे व्हॉल्व आणि फुटलेली चेंबरं एका कागदावर लिहून आणा, खांब नंबर असला तर तो पण टाका, म्हणजे अर्जाला वार्डवार यादी जोडता येईल. माता-भगिनींनी जरूर या, पाण्याच्या वेळा तुमच्याइतक्या कोणाला माहिती नाहीत.