ॲल्युमिनियम येत नाही

शेजारच्या काकूंनी काल अख्ख्या गल्लीत जाहीर केलं, की मला ॲल्युमिनियम येत नाही. एखाद्याला इंग्रजी येत नाही, तसं.

निमित्त कुंड्यांच्या स्टँडच्या तुटलेल्या पायाचं. इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आणलं आणि कोपरखैरण्यातल्या आमच्या रो-हाउसच्या दारात मोबाइलवर व्हिडिओ लावून शिकायला बसलो. वेल्डिंगचा रॉड ६०१३ नंबरचा. त्यातल्या १ चा अर्थ, आडवा, उभा, डोक्यावर, कसाही धरा, चालतो. माझ्याकडे तो चिकटूनच चालतो. अडीच एमएमच्या रॉडला ६० ते ९० अँपिअर लागतात, या दोन आकड्यांमध्ये मी घुटमळत होतो, तेवढ्यात काकू कान तुटलेली कढई घेऊन हजर.

"तेवढा कान चिकटवून दे."

"काकू, हे ॲल्युमिनियम आहे."

"मग? लोखंडाचं काय, ते सगळेच करत्यात."

मी समजावलं. यावर ऑक्साइडचा पापुद्रा असतो, तो २००० अंशांच्या पुढे वितळतो आणि आतला धातू ६६० लाच पाणी होतो. त्याला टिग नावाचं वेगळं वेल्डिंग मशीन लागतं, आरगॉन गॅस लागतो. काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं.

"म्हंजे येत न्हाई."

"या मशीनवर होत नाही."

"मशीन कुणाचं?"

"माझं."

"मग तुलाच येत न्हाई."

बरं, जाव्यात ना घरी! नाही. उघड्या डोळ्यांनी बघू नका, रात्री डोळे चुरचुरून झोप लागणार नाही, म्हणून मी जादाची काळी काच दिली, तर काचेआडून समालोचन सुरू. "पेटलं... विझलं... चिकटला बघ." भाजीवाला थांबला. काय चाललंय, म्हणाला.

"शिकतोय."

"या वयात?"

"लगीन झालंय की त्याचं!"

या दोन गोष्टींचा संबंध काय, हे विचारायला मी हेल्मेट वर करेपर्यंत शेपूची जुडी घासाघीस होऊन विकली गेली होती.

हौस म्हणून कोण दारात ठिणग्या उडवतो? ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे पावणे, महापे, रबाळे, सगळी एमआयडीसी पसरली आहे. तिथून चार इंच वेल्डिंग मारायला माणूस मिळत नाही. अख्खं ग्रिल करून घ्या, लगेच येतात. तुटलेला पाय जोडायचा म्हटलं की "उद्या बघतो". हे उद्या पावसाळा उलटला तरी येत नाही. आणि स्वतः होल्डर हातात घेतला, की घरातूनच ऐकायचं, अशा कामांना माणसं असतात. असतात ना? मग दाखवा एक.

काकूंनी दाखवला. संध्याकाळी कढई घेऊन परत आल्या. स्टेशनकडच्या भांडी दुरुस्तीवाल्याने दोन रिव्हेट मारून कान बसवला होता. ना गॅस, ना करंट.

"चांगला माणूस हाय," काकू म्हणाल्या. "त्याच्या हाताखाली बस थोडे दिवस. मी शब्द टाकते."