मजुरी किती घेताव?

परवाच्या रविवारी आमच्या गेटसमोर एका अनोळखी मामांनी माझी मजुरी ठरवली, ती घासून निम्म्याच्याही खाली आणली आणि शेवटी "राहू द्या, नाही जमायचं" म्हणून मलाच कटवलं. मी त्या कामाला हो म्हणालोच नव्हतो. तरी नाकारला गेल्याचं अजून लागतंय.

मला तीन ड्रॉवरचं एक छोटं कपाट हवं होतं, पलंगाशेजारी ठेवायला. मिस्त्री म्हणाले, येवढ्याशा कामाला येणं परवडत नाही. बाजारात जी तयार मिळतात ती भुशाच्या बोर्डाची. ओलं फडकं लागलं की कडा फुगल्याच. दुसरा शनिवार आला, म्हणजे बँकेला सुट्टी. म्हटलं, आपणच करू.

प्लायवूडच्या दुकानात अख्खं शीट घ्यावं लागतं, आठ बाय चार, म्हणजे बत्तीस चौरस फूट. तुमचं कपाट काडेपेटीएवढं असलं तरी शीट बत्तीस फुटांचंच. दुकानदार आयएस ७१० या मानकाचा मरीन प्लाय गळ्यात मारायला बघत होता. "सर, पाण्यात राहिला तरी काही होत नाही." परभणीत! इथं नळाला पाणी आलं की गल्लीत एकमेकांना फोन जातात, आणि माझ्या कपाटाने पाण्यात राहायचं म्हणे. मी आयएस ३०३ वाला साधा घेतला. त्याने तो अशा चेहऱ्याने काढून दिला, जणू मी उधारी मागितली होती.

तर रविवारी सकाळी लिंबाच्या सावलीत मी बाजूच्या फळ्या जोडून खोका उभा केला होता आणि पहिला ड्रॉवर बसतो का ते बघत होतो. शेजारच्या काकांकडे आलेले हे मामा. काका दूध आणायला गेलेले. मामांनी इकडंतिकडं पाहिलं, माझ्या उरलेल्या प्लायवर रुमाल अंथरला आणि त्यावर बसले.

"काय करायलाव?"

"ड्रॉवर बसवतोय."

"मापात चुकलाव."

मी वर पाहिलं. मामांनी दोन बोटं ड्रॉवर आणि खोक्याच्या मधल्या फटीत घालून दाखवली. "हे बघा. ढिला व्हायलाय. इंचभर कमी कापलाव."

मी समजावलं, की ती जागा मुद्दाम सोडलीय. दोन्ही बाजूंना चॅनेल बसतो, एका चॅनेलला अर्धा इंच लागतो, म्हणजे चार सूत. दोन्हीकडचे मिळून आठ सूत, म्हणून ड्रॉवर इंचभर अरुंद.

"चॅनेल कामून?"

"ड्रॉवर हलका सरकतो. आत बेअरिंग असतात, छर्र्यांचे."

मामांनी चॅनेल हातात घेतला, ओढला, सोडला, पुन्हा ओढला. आवाज ऐकला. "आमच्या बैलगाडीच्या चाकाला बेअरिंग नव्हते. अन् बनियन ठेवायला बेअरिंग?"

यावर मी काय बोलणार! मामा पुढे त्यांच्या आजोबांच्या लाकडी पेटीवर गेले. किनवटच्या जंगलातलं सागवान, एक खिळा नाही, उचलायला चार गडी लागायचे. वाटण्या झाल्या तेव्हा दोघं भाऊ त्या पेटीवरून कोर्टात गेले. पेटीत काय होतं? काही नाही. पेटीच होती. मग मध्येच थांबून विचारलं, "मजुरी किती घेताव?"

"मी मजुरी घेत नाही मामा, हे घरचंच आहे."

"मालक घरात हायेत का?"

"मीच मालक."

मामा हसले. त्यांना ही मिस्त्री लोकांची नेहमीची थाप वाटली असावी. नातीचं लग्न आहे, रुखवतात असलंच द्यायचंय, गुलाबी सनमायका लावून. पाच हजार? जास्त होतात. तीन? प्लाय तुमचा. मग अडीच. हे सगळं ते एकटेच बोलत होते. मी तोंडात स्क्रू धरून होतो. दीड हजारावर आल्यावर त्यांनी पुन्हा फटीत बोट घातलं आणि म्हणाले, "राहू द्या. आमच्या गावचा मिस्त्री बरा. त्याची फट पडत नाही."

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि काही कारण नसताना म्हणाली, "बँकेत आहेत हे."

मामांनी चहा घेतला. बशीत ओतला. बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "पगार पुरत नाही का वो?"

इथपर्यंत हसण्यावारी नेलं असतं. पण पुढचा प्रश्न आडनावाचा होता. सांगितलं तर म्हणाले, "मग हे काम कामून करताव?" म्हणजे हातात करवत धरायला आमच्याकडे दोनच कारणं चालतात. एक तर तुम्ही त्या घरात जन्मलेले असा, नाहीतर तुमच्यावर तशी पाळी आलेली असो. आवड हे कारण क्रिकेटला चालतं, पहाटे स्टेडियमला चकरा मारायला चालतं, तासन्‌तास मोबाईलवर अंगठा सरकवायला तर कुणी कारण विचारतच नाही. आणि जो खरा मिस्त्री आहे, सुताचा हिशोब डोळ्याने करणारा, त्याची मजुरी हीच माणसं अशी दीड हजारावर आणतात. वर विचारतात, की आजकाल चांगले मिस्त्री का मिळत नाहीत.

दुपारी लाईट गेली, ड्रिल बंद. संध्याकाळी तीनही ड्रॉवर बसले. छान सरकतात. बायकोने वरच्यात औषधं, लाईटबिलं आणि संपलेले सेल भरूनही टाकले.

रात्री शेजारचे काका आले. आत आले नाहीत, गेटपाशीच मला बाजूला घेतलं. पाहुण्यांनी जाताना बरंच काही सांगितलेलं दिसत होतं.

"सर, एक विचारू का? राग नका मानू. काही अडचण असली तर सांगा. आमच्या पतसंस्थेत बोलून बघतो. कर्ज होऊन जाईल."

"काका, मी बँकेत कर्जाच्याच टेबलावर बसतो."

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तेच म्हणलं मी पाहुण्यांला. येवढं जवळ असून माणसाला मिळू नये म्हणजे काय म्हणावं!"