पाच बदामांचा हिशेब

पहिलीच्या पालकांच्या ग्रुपवर तोच मेसेज परवा तिसऱ्यांदा आला. 'मुलांच्या मेंदूची ९० टक्के वाढ सहाव्या वर्षापर्यंत पूर्ण होते, नंतर काही हातात राहत नाही. रोज पाच भिजवलेले बदाम द्या. साखर बंद करा, मूल एका जागी बसेल. पिशवीतलं केमिकलचं मीठ सोडून सैंधव घ्या. दुधात पावडर घाला. नुसत्या पोळी-भाजीवर बुद्धी वाढत नाही.' खाली अंगठ्यांची रांग. मी ऐरोलीत राहते आणि नवी मुंबईतल्याच एका शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. ग्रुपवर मोठं काही लिहिलं की 'मॅडम, निवांत वाचते' असं उत्तर येतं, म्हणून इथे लिहितेय.

आधी ते ९० टक्के. आकडा फारसा चुकीचा नाही, पण तो मेंदूच्या आकाराचा आहे. घणसोलीत टॉवर उभा राहतो आणि पुढे कित्येक वर्षं लोक ओसीची, म्हणजे राहायला जायच्या दाखल्याची, वाट बघत बसतात, तसंच हे. लक्ष टिकवणं, मनाला आवरणं, पुढचा विचार करणं ही कामं मेंदूच्या ज्या पुढच्या भागाची, तो विशी ओलांडली तरी घडत असतो. सहाव्या वाढदिवसाला दुकान बंद होत नाही.

बदाम वाईट नाहीत, महाग आहेत. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, शिफारशीप्रमाणे ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला ११ मिलिग्रॅम लोह लागतं, ७ ते ९ वर्षांच्या मुलाला १५. पाच बदाम म्हणजे जेमतेम सहा ग्रॅम, त्यात लोह साधारण ०.२ मिलिग्रॅम. बाजरीची एक मध्यम भाकरी याच्या दहापट तरी देते. बाजरीतलं लोह सगळं अंगी लागत नाही हे खरं, पण बदामातलं तरी कुठे लागतं?

लोहावर अडून बसतेय त्याला कारण आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. तीच मुलं पुढे आमच्या वर्गात येतात. वर्गात ती आजारी दिसत नाहीत, आळशी दिसतात. माझ्याकडे एक मुलगा होता, परिपाठाला उभ्या उभ्या भिंतीला टेकायचा आणि दहाच्या सुमारास बाकावर डोकं ठेवायचा. आई पहाटेची ठाणे लोकल पकडायची, हा चहात खारी बुडवून यायचा. चहातली टॅनिन लोहाला आतड्यातच अडवतात, म्हणजे पोटात आधीच थोडं आणि त्यावरही पहारा. आईला मी एवढंच म्हटलं, 'ताई, चहा दुपारवर ढकला. सकाळी रात्रीची पोळी, चटणी, जमलं तर पोहे, आणि वर लिंबू पिळा.' क जीवनसत्त्वाने धान्यातलं लोह जास्त शोषलं जातं. मात्र रक्त खरंच कमी असेल तर लिंबावर भागत नाही. त्याची तपासणी करून डॉक्टरांनी औषध दिलं. शाळेत आठवड्याला मिळणारी गुलाबी गोळीही याचसाठी असते. 'माझ्या मुलाला देऊ नये' अशा चिठ्ठ्या पाठवण्याआधी विचारा तरी.

शाळेतल्या मुलांवर लोहाचे बरेच प्रयोग झालेत. रक्त कमी असलेल्यांची आकलनाची परीक्षा लोहाने सुधारते. ज्यांचं पुरेसं आहे, त्यांना आणखी दिल्याने हुशारीत तशी भर पडत नाही. मेसेजमधली मूळ चूक हीच आहे. उणीव भरून काढणं वेगळं आणि भरल्या पोटावर बुद्धीचा थर चढवणं वेगळं. मेसेज वाचून बदाम आणणाऱ्या घरात बहुधा उणीव नसतेच.

साखरेचं थोडक्यात. साखरेने मुलं उधळतात हे प्रयोगांत टिकलेलं नाही. १९९४ च्या एका प्रयोगात आयांना सांगितलं की मुलाला साखर दिलीय. दिली नव्हती. तरी त्यांना आपलं पोर जास्त उधळलेलं वाटलं. दातांसाठी साखर कमी करा, त्यात दुमत नाही.

मीठ मात्र हसण्यावारी नेऊ नका, या मेसेजमधलं खरं घातक वाक्य तेच आहे. ज्याला 'केमिकल' म्हटलंय ते आयोडीन. त्याशिवाय थायरॉइडचं संप्रेरक बनत नाही, आणि पोटातल्या बाळापासून मेंदूची घडण त्या संप्रेरकावर चालते. टाळता येण्याजोग्या बौद्धिक मांद्याचं जगातलं एक सर्वांत मोठं कारण आयोडीनची कमतरता आहे. म्हणून तर खाण्याच्या मिठात आयोडीन घालणं आपल्याकडे सक्तीचं केलंय. सैंधवात ते मुळात नगण्य असतं. 'आम्ही भाईंदरच्या मिठागरातलं खडे मीठ खातो' असं कौतुकाने सांगणारेही भेटतात. समुद्राच्या पाण्यातून आलं तरी त्या मिठात पुरेसं आयोडीन उतरत नाही. घरात कुणी गरोदर असेल तर हा प्रयोग अजिबात नको. उपासाला चिमूटभर सैंधव खुशाल खा, रोजच्या डाळीत पिशवीतलंच घाला आणि आयोडीन टिकावं म्हणून बरणीला झाकण लावा.

पावडरीबद्दल एवढंच की एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढायला सांगितली. डब्यामागची साखर एकदा वाचा.

राहिली पोळी-भाजी. सोबत डाळ, उसळ, अंडं किंवा इथल्या दिवाळे गावच्या कोळणीकडची तारली असली की तिच्यात खोट काढायला जागा नाही. पण बुद्धी नुसती ताटातून येते, हेच मुळात तपासून बघा. जमैकात किंग्स्टनमध्ये १२९ खुरटलेल्या बाळांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष १९९१ मध्ये छापून आले. काहींना पूरक आहार, काहींच्या घरी आठवड्यातून तासभर आरोग्यसेविका जाऊन आईला बाळाशी खेळायला-बोलायला शिकवायची, काहींना दोन्ही. दोन वर्षांनी दोन्ही मिळालेली बाळं सगळ्यांत पुढे होती. वीस वर्षांनी पाहिलं तर ज्यांच्याशी खेळणं झालं होतं त्यांची कमाई २५ टक्क्यांनी जास्त होती. नुसत्या आहाराचा कमाईवर मागमूस नव्हता. खेळणी घरीच, टाकाऊ वस्तूंची केलेली होती. पावडरीचा रिकामा डबा त्या कामाला चांगला येईल, आत चार चिंचोके टाकले की वाजतोही.