तंकोलोक हा फेटा नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मलेशियातल्या मलय पुरुषांच्या शिरोवस्त्रावरील (त्याला तंकोलोक, तांजाक किंवा देस्तार म्हणतात) माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप तीन आहेत. ‘देस्तार’ हा शब्दच फारसी असल्यामुळे हे वस्त्र म्हणजे आपल्याकडून तिकडे गेलेली पगडी आहे आणि मी तिला उगीच वेगळे स्थान दिले, हा पहिला. आज तांजाक दुकानात शिवून तयार मिळतो, तेव्हा त्याला जिवंत परंपरा म्हणणे चूक आहे, हा दुसरा. मलेशियातल्या पेराक राज्याच्या सुलतानाने मुकुट समुद्रात टाकल्याची गोष्ट मी इतिहास म्हणून सांगितली, हा तिसरा. यातला तिसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. पहिला मात्र मान्य नाही, आणि त्याची कारणे थोड्या विस्ताराने मांडतो.

‘देस्तार’ हा फारसी ‘दस्तार’च आहे, यात शंका नाही. नांदेडमध्ये ज्यांनी शीख कुटुंबातली दस्तारबंदी, म्हणजे मुलाला पगडी बांधण्याचा विधी, पाहिली असेल, त्यांना हा शब्द परका वाटणार नाही. पण शब्द आला म्हणून वस्तूही त्याच्याबरोबर आली, असे धरून चालले तर मलय भाषेत आपल्याला फार मोठा पसारा आपला म्हणावा लागेल. तिकडे मुकुटाला ‘माहकोता’ म्हणतात, रेशमाला ‘सुतेरा’ म्हणतात, हत्तीला ‘गाजाह’ म्हणतात. या शब्दांच्या मुळाशी मुकुट, सूत्र आणि गज हे संस्कृत शब्द आहेत. तरीही तिथल्या जंगलातला हत्ती आपण पाठवला, असे कोणी म्हणणार नाही. शिवाय याच शिरोवस्त्राला तंकोलोक आणि तांजाक अशी त्यांची स्वतःची नावेही आहेत आणि आज बोलण्यात तीच अधिक ऐकू येतात.

माझ्या मते खरा फरक नावात नसून कापडात आहे. फेट्याचे कापड कित्येक मीटर लांब असते आणि ते डोक्याभोवती वेढे घेत, ताणत बांधतात. फेट्याला आकार येतो तो वेढ्यांमुळे. तांजाकचे कापड चौकोनी असते, प्रत्येक बाजू साधारण एक मीटरची. ते जमिनीवर पसरून कर्णावर दुमडतात. खालच्या दुमडीवर दुमड घालत कपाळावर बसणारी पट्टी करतात, आणि वरचे टोक कुठे उभे ठेवायचे, कुठे कलते करायचे, कुठे खाली झुकवायचे, यावरून त्या बांधणीला नाव मिळते. कापडाला खळ दिलेली असते, म्हणून घडी उभी राहते. मी एकदा घरी धुतलेला, खळ न दिलेला सुती चौकोन घेऊन हा प्रयत्न केला होता. पट्टी जमली, पण टोक दर वेळी कानावर लोळत होते. तोच चौकोन भाताच्या पेजेत बुडवून, वाळवून, इस्त्री करून घेतल्यावर पहिल्याच घडीला ताठ उभा राहिला. वेढ्यांचा फेटा खळीवाचूनही उभा राहतो, घडीच्या तांजाकला खळ लागतेच. हा एकच अनुभव माझ्यासाठी पुरेसा बोलका होता.

इथे एक गोष्ट आपल्या बाजूने सांगायला हवी. आपल्याकडे पूर्वी पुरुष डोक्याला जो रुमाल बांधत, तोही चौकोनीच असे आणि त्याचीही तिरपी घडी करत. पण ती घडी पुढे पिळून डोक्याभोवती गुंडाळली जाई. घडीचे टोक म्हणजेच शोभा, हा विचार त्यात नव्हता. तांजाकचे जवळचे नातलग शोधायचे तर ते मलय द्वीपसमूहातच सापडतात: जावातला इकेत, बालीतला उदेंग, मकासार आणि बुगिस लोकांचा पासापू. हे सगळे चौकोनी कापडाच्या घडीवर उभे आहेत.

कापडाबद्दलही थोडे सांगतो. थाटाचा तंकोलोक सोंगकेतचा असतो. विणताना ताण्याचे ठरावीक धागे उचलून त्यांच्याखालून सोनेरी किंवा रुपेरी जर आडवी घालतात, त्यामुळे नक्षी कापडाच्या अंगावर उठून येते. मलेशियातली तेरेंगानू आणि केलांतान ही राज्ये या विणकामाची नावाजलेली ठिकाणे, आणि २०२१ मध्ये युनेस्कोने मलेशियाच्या सोंगकेतची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत केली. मात्र भारताचा जो धागा खरोखर सापडतो तोही लपवायचे कारण नाही. गुजरातचे पटोळे मलय किनाऱ्यावरच्या मलाक्का बंदराच्या बाजारात जात असे, मलय लोक त्याला ‘चिंदाई’ म्हणत आणि कमरेला बांधत. आपल्याला भारताचा हात दाखवायचाच असेल तर तो या कापडाच्या व्यापारात दाखवावा. घडीत तो मला दिसत नाही.

शिवून तयार मिळणाऱ्या तांजाकचा आपला मुद्दा खरा आहे, पण त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. जावात इकेतची बांधणी पक्की करून टोपीसारखा ब्लांगकोन केव्हाच रूढ झाला. योग्याकर्ताच्या ब्लांगकोनला मागे गोल गाठ असते, सुराकर्ताचा मागून चपटा असतो, आणि दोन दरबारांमधला हा फरक शिवलेल्या रूपातही लोक काटेकोरपणे पाळतात. ज्या पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, तीही कारागीर बांधून, टाचून देतो. घालणारा ती रोज सकाळी बांधत नाही, म्हणून तिला कोणी मेलेली म्हणत नाही. शिवण्याने एक नुकसान मात्र नक्की होते आणि त्याचे मलाही वाईट वाटते. बांधलेला तांजाक सोडला की पुन्हा साधे कापड होतो, आणि मुलगा वडिलांकडून घडी शिकतो ती अशा सोडण्या-बांधण्यातच. शिवलेला कधी सुटतच नाही.

आता पेराकविषयी. कथा अशी की मलाक्काच्या शेवटच्या सुलतानाचा मुलगा मुझफ्फर शाह पेराकला येत असताना नदीच्या मुखाजवळ त्याचे जहाज उथळ पाण्यात रुतले आणि त्याने मुकुट पाण्यात सोडला तेव्हा ते सुटले; म्हणून पेराकचा सुलतान राज्यारोहणाला मुकुट घालत नाही, तंकोलोक घालतो. ही आख्यायिका आहे आणि मी ‘असे घडले’ म्हणून लिहिले, ही माझी चूक. तंकोलोक घालण्याचा रिवाज मात्र खरा आहे आणि त्या बांधणीचे नाव ‘आयाम पाताह केपाक’, म्हणजे पंख मोडलेली कोंबडी, हेही खरे आहे. झुकलेले टोक पाहिले की नाव का पडले ते कळते. मलेशियाचा राजा, म्हणजे यांग दी-पर्तुआन आगोंग, नऊ राज्यांच्या वंशपरंपरागत राजांमधून पाच वर्षांसाठी निवडला जातो आणि तोही राज्यारोहणाला मुकुट न घालता काळा, सोनेरी भरतकामाचा तंकोलोक घालतो. त्याच्या बांधणीला ‘दंदाम ताक सुदाह’ म्हणतात आणि ती नगरी सेंबिलान या राज्याची आहे, कारण १९५७ मधले पहिले आगोंग, तुआंकू अब्दुल रहमान, तिथले होते. मलेशियाच्या रिंगिट या चलनाच्या नोटेवर तंकोलोक घातलेला जो चेहरा दिसतो, तो त्यांचाच. या नावाचे भाषांतर मी ‘न संपणारे वैर’ असे दिले होते. ‘दंदाम’मध्ये वैराप्रमाणे विरहाची ओढही असते, हे तिथे लिहायला हवे होते.

त्याप्रमाणे मूळ लेखात तीन बदल केले आहेत. शीर्षकातला ‘मलय फेटा’ काढून ‘तंकोलोक’ घातले आहे, पेराकच्या परिच्छेदाला आख्यायिका म्हटले आहे, आणि बांधणीवरून माणसाचे पद ओळखता येते, हे माझे सरसकट विधान राजे आणि दरबारी समारंभ यांच्यापुरते मर्यादित केले आहे.