फॉस्फरस उतरला, पण सहा किलो वजन कुठे गेलं?

ताई,

तुमची प्रतिक्रिया रविवारी वाचली आणि दोन दिवस मुद्दाम गप्प बसलो. 'स्वतः पेशंट आहात म्हणून लगेच डॉक्टर झालात का?' हे वाक्य झोंबलं होतं. डॉक्टर नाही झालो. आठ वर्षं डायलिसिसवर असलेला, गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस आहे, आणि हिशेब चुकला की मला झोप लागत नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की डायलिसिसच्या माणसाच्या रक्तातला फॉस्फरस वाढला म्हणून ताटातली डाळ-भाकरी उचलू नका. आधी पाकिटातलं खाणं बंद करा आणि अन्नातला फॉस्फरस धरणारी गोळी जेवणाबरोबर घ्या. ताईंच्या मते हा बेजबाबदार सल्ला आहे. त्यांच्या आई आठवड्यातून दोनदा डायलिसिसला बसतात. त्यांचा फॉस्फरस 7.8 होता. ताईंनी डाळ, कडधान्यं, दूध, अंडी सगळं बंद केलं आणि चार महिन्यांत तो 5.2 वर आला. गोळ्यांनी काहीच फरक पडला नव्हता, म्हणून त्या केव्हाच थांबवल्या.

आधी माझी चूक. 'डाळीतला फॉस्फरस अंगी लागत नाही' असं मी लिहिलं होतं, ते वाक्य चुकीचं होतं. तो लागतो, पण कमी लागतो. धान्य-कडधान्यांत बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो आणि तो सोडवणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात जवळजवळ नसतं, म्हणून साधारण निम्मा किंवा त्याहून कमीच रक्तात जातो. त्यातही मोड आणले किंवा पीठ आंबवलं की ती गाठ थोडी सुटते. म्हणजे मटकीची उसळ आणि इडली यांना ज्वारीच्या भाकरीइतकी सूट नाही. हे मी लिहायला हवं होतं. शिवाय तुमच्या डॉक्टरांनी डाळ कदाचित पोटॅशियमसाठी कमी करायला सांगितली असेल. तसं असेल तर तो हिशेब वेगळा, आणि तिथे त्यांचंच ऐका.

आता तुमच्या प्रतिक्रियेतली शेवटून दुसरी ओळ. तुम्ही जाता जाता लिहिलंय: 'आई जरा थकल्यासारखी असते, सहा किलो वजन उतरलंय, पण ते वयाने.' ताई, मला वाटतं तुमचा फॉस्फरस तिथे उतरलाय.

खाणंच कमी झालं की फॉस्फरस उतरणारच. उपाशी माणसाचा रिपोर्ट फार देखणा येतो. माझ्या पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. वरण-भात सोडला, दूध सोडलं, आमटीचं नुसतं वरचं पाणी प्यायचो. फॉस्फरस 4.1 आला म्हणून घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते (पेढे मला चालत नव्हतेच). त्याच कागदावर खाली अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, 2.9 इतकं कमी होतं, त्याकडे कुणी पाहिलं नाही, मीही नाही. पुढच्या महिन्यात न्हाणीघरात उठता उठता पाय लटपटले आणि पडलो.

डायलिसिसच्या माणसाला प्रथिनं इतरांपेक्षा जास्त लागतात, कारण दर खेपेला अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, मशीनमधून निघून जातात. किलोमागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम असा सल्ला असतो. आणि प्रथिनं म्हटली की फॉस्फरस पाठोपाठ आलाच. जास्त फॉस्फरस असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं, तसंच फार कमी असलेल्यांमध्येही ते वाढलेलं दिसतं, कारण त्यातले बरेचजण कुपोषित असतात.

वजनाबद्दल अजून एक, आणि हे कृपया उद्याच बघा. मांस झडलं आणि ड्राय वेट (जादा पाणी काढून झाल्यावर जे वजन उरायला हवं ते) जुनंच ठेवलं, तर काट्यावरचा आकडा जुळवायला मशीन पाणी आत ठेवतं. सहा किलो उतरले असं तुम्हाला वाटतंय. खरं त्याहून जास्त उतरले असतील आणि मधली जागा पाण्याने भरली असेल. पायावर सूज, बीपी वाढतं राहणं, रात्री आडवं झालं की धाप, यातलं काही आहे का? युनिटमध्ये ड्राय वेट पुन्हा ठरवायला सांगा.

आता गोळ्या. 'सकाळी रिकाम्या पोटी सगळ्या एकदम देत होते' असं तुम्हीच लिहिलंय. ही गोळी फॉस्फरस रक्तातून काढत नाही. ती पोटात अन्नाशी भेटते, त्यातला फॉस्फरस धरते आणि शौचावाटे बाहेर नेते. पोटात अन्नच नसेल तर धरणार काय? कॅल्शियमची गोळी असेल तर उलट नुसतं कॅल्शियम अंगात जातं. पहिल्या-दुसऱ्या घासाला किंवा जेवतानाच घ्यायची, मोठ्या जेवणाला जास्त, छोट्याला कमी, आणि चार वाजता दूध-पोहे खाल्ले तर तेव्हाही, अर्थात किती ते डॉक्टरांना विचारून. मी डबीच ताटाशेजारी ठेवतो, मिठाच्या जागी. बद्धकोष्ठ होतो, हे खरं. त्यावर दुसरी गोळी मिळते का ते विचारा. सेव्हेलामर आहे, चावून खायची लँथेनम आहे, त्या महाग पडतात.

आता हिशेब. पन्नास किलोच्या बाई, 60 ग्रॅम प्रथिनं, नीट निवडून खाल्लं तर दिवसाला सुमारे 800 मिलिग्रॅम फॉस्फरस. त्यातला 60 टक्के शोषला धरू, म्हणजे 480. आठवड्याचे झाले जवळजवळ 3400. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये ढोबळमानाने 800 निघतो. तीनदा बसलं तर 2400 जातो आणि 1000 उरतो. कॅल्शियम ॲसिटेटची 667 मिलिग्रॅमची एक गोळी साधारण 30 मिलिग्रॅम धरते. दिवसाला सहा म्हणजे आठवड्याला 1260. भागलं. पण दोनदाच बसलं तर 1600 जातो, 1800 उरतो आणि सहा गोळ्यांनीही पाचशेच्या वर मागे राहतो. गोळ्या वाढवत नेल्या तर कॅल्शियम वाढतं, आणि ते रक्तवाहिन्यांत साचणं हीच तर मूळ भीती. आईंना अजून लघवी होत असेल तर त्यातून थोडा जातो, एवढाच दिलासा.

म्हणून तुमच्या आईंचा खरा प्रश्न मला डाळीचा वाटत नाही, तासांचा वाटतो. शरीरातला बहुतेक फॉस्फरस हाडांत आणि पेशींत असतो, रक्तात एक टक्काही नाही. मशीन सुरू झालं की पहिल्या तासा-दीड तासात रक्तातला भरभर उतरतो, मग पेशींतून जेवढा झिरपेल तेवढाच निघतो. विहिरीला झरा बारीक असेल तर मोटार मोठी बसवून काय होणार? वेळच द्यावा लागतो. रात्रभर डायलिसिस घेणाऱ्यांना तर काही वेळा द्रवात वरून फॉस्फेट घालावं लागतं. तिसरा दिवस म्हणजे घरातल्या एकाचा खाडा, रिक्षा आणि अख्खा दिवस मोडला, हे मला माहीत आहे. मी स्वतः पाच वर्षं दोनदाच बसत होतो. पण साडेतीन तासांनी 'बास, पाय वळतायत, सोडा' म्हणून मशीन बंद करून घेत असतील तर निदान तो अर्धा तास तरी परत मिळवा.

पाकिटांबद्दल मात्र माझं म्हणणं मागे घेत नाही. तिथे फॉस्फेट क्षाराच्या रूपात घातलेलं असतं आणि जवळजवळ सगळंच शोषलं जातं. अमेरिकेत 2009 साली छापून आलेल्या एका चाचणीत 279 रुग्ण होते. त्यातल्या एका गटाला फक्त असे पदार्थ ओळखून टाळायला शिकवलं, तर त्यांचा फॉस्फरस दुसऱ्या गटापेक्षा 0.6 ने जास्त उतरला. आपल्याकडे पोषणाच्या तक्त्यात फॉस्फरस लिहायची सक्ती नाही, म्हणून घटकांच्या यादीत आकडे शोधायचे: 338 ते 341, आणि 450, 451, 452. चीझच्या वड्या, झटपट नूडल्स, काळं कोल्ड्रिंक, काही बिस्किटं. नातवंडांच्या डब्यातलं उरलेलं आजी खातात, ते कुणी मोजत नाही.

अंड्याचं तुम्ही सर्वस्वी उलटं केलंय. पिवळं सोडा, पांढरं द्या. दोन अंड्यांच्या पांढऱ्यात सात ग्रॅम प्रथिनं आणि फॉस्फरस जेमतेम 10 मिलिग्रॅम. तेवढ्याच प्रथिनांसाठी पेलाभर दूध दिलंत तर 190 च्या आसपास. दूध चहापुरतं ठेवा. भाजीतलं शेंगदाण्याचं कूट निम्म्यावर आणा. मासे खात असाल तर मांदेली काट्यासकट नको, सुकट तर नकोच. वरण घट्ट नको, पण असू द्या, किती ते आहारतज्ज्ञांशी बोलून ठरवा.

'गोळीने आयुष्य वाढतं याचा पुरावा दाखवा' असंही तुम्ही विचारलंय. प्रश्न रास्त आहे. अमुक गोळीने मृत्यू टळतात असं ठामपणे सांगणारी चाचणी माझ्याकडे नाही. माझ्याकडे एवढंच आहे की फॉस्फरस 8 असताना रात्रभर पाठ खाजवत बसायचो आणि आता झोपतो.

मूळ लेखातलं डाळीचं वाक्य आज दुरुस्त केलंय आणि खाली तुमच्यामुळे केलं असं लिहिलंय. आईंच्या मागच्या रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन, कॅल्शियम आणि पीटीएच (गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक) किती आहेत ते बघून कळवाल का? पीटीएच फार वाढलं असेल तर फॉस्फरस हाडांतूनच येत असतो, आणि मग माझा वरचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल.